फळ्यावरचे गुलाबजाम

गुडगावात कर्ज देणाऱ्या एका कंपनीत मी माहिती-सुरक्षेचं काम बघते. म्हणजे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लोकांनी काय उघडायचं, काय नाही हे ठरवायचं आणि ग्राहकांची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही. आल्या आल्या मी सोशल मीडिया, क्रिकेट, शॉपिंग सगळं बंद केलं. पेन ड्राइव्ह बंद, मोबाइल मजल्याच्या दाराशी लॉकरमध्ये. लग्न जुळवणाऱ्या साइट्सही बंद केल्या, तेव्हा वसुली विभागातले एक साहेब बरेच दिवस माझ्याशी बोलेनात. त्यांच्या मुलीचं कुठेतरी जमत आलं होतं. मी कँटीनमध्ये शिरले की गप्पांचा आवाज उतरायचा. मला वाईट वाटायचं, पण खोटं कशाला सांगू, थोडी ऐटही वाटायची.

सूट होती ती फक्त एचआरच्या मॅडमना. सोशल मीडियावरच्या कंपनीच्या पानावर हसऱ्या कर्मचाऱ्यांचे फोटो टाकणं हे त्यांचं काम, त्यामुळे मोबाइल आत आणायची परवानगी त्यांना मोठ्या साहेबांनीच दिलेली. मी हरकत घेतली होती. साहेबांचं म्हणणं, फोटोनं काय होणार आहे?

दिवाळीच्या आठवड्यात ऑफिसात पारंपरिक पोशाखाचा दिवस होता. मी हौसेनं नऊवारी नेसले, नथ घातली. मेट्रो स्टेशनवर झडती घेणाऱ्या पोलीसबाईंनी ती नथ नाकाला टोचत नाही का, अशी चौकशी केली. ऑफिसात कर्जाची कागदपत्रं तपासणारा विभाग आहे, तिथे उजेड चांगला म्हणून एचआरच्या मॅडमनी आम्हा सगळ्यांना तिथे उभं केलं आणि भरपूर फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाली टपरीवर चहा घेत होते, तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन आला. कंपनीच्या पानावरचा फोटो तिनं पाहिला होता. आई माझा कुठलाही फोटो दोन बोटांनी ताणून मोठा करते आणि मी वाळले का ते तपासते. तिच्या मते मी वाळलेच होते. मग तिनं विचारलं, "आणि ते गुलाबजाम घरी केलेले होते की विकतचे?"

मी म्हटलं, कसले गुलाबजाम? आम्हाला तर समोसे दिले.

"अगं, तुझ्या डोक्यामागे फळ्यावर लिहिलंय की. इंग्रजीत. पण लिहिणाऱ्याचं काहीतरी बिनसलंय, पुढे ते ॲटचं चिन्ह आणि मग आकडे."

चहा तसाच ठेवून मी लिफ्टकडे पळाले. वर जाताना फोनवर फोटो उघडला. माझी नथ छान दिसत होती आणि तिच्या बाजूला ग्राहकांची सगळी माहिती जिथे असते त्या सिस्टिमचा पासवर्ड, खास टपोऱ्या अक्षरात.

वर पोहोचताच मी आधी तो पासवर्ड ज्या खात्याचा होता ते बंद केलं. कागदपत्रं तपासणारा सगळा विभाग तेच एक खातं वापरायचा, त्यामुळे लगेच त्यांचं काम ठप्प झालं आणि त्यांचे प्रमुख तावातावानं माझ्याकडे आले. दिवाळीच्या तोंडावर मी काय चालवलंय, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना फक्त फळ्याकडे बघायला सांगितलं. त्यांनी बघितलं, जरा ओशाळले, पण हटले नाहीत.

"हर महीने बदलवाती हो मॅडम. ऊपर से बडा अक्षर, छोटा अक्षर, निशान. कहीं तो लिखेंगे ना?"



आता तो फोटो पानावरून काढून टाकायला हवा होता. माझ्या कॉम्प्युटरवर ते पान उघडेना, कारण नियम सगळ्यांना सारखा म्हणून मी स्वतःलाही बंदी केली होती. एचआरच्या मॅडमच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. त्यांचा जीव तुटत होता. सगळ्यांत जास्त लाइक याच फोटोला होते. वरून थोडा कापला तर चालेल का, असं त्यांनी विचारून पाहिलं. वरून कापला असता तर माझं डोकंच गेलं असतं. शेवटी नाइलाजानं त्यांनी तो काढून टाकला.

दुपारभर मी नोंदी तपासल्या. बाहेरच्या कुणी तो पासवर्ड वापरला नव्हता. तेव्हा कुठे हायसं वाटलं. संध्याकाळी मोठ्या साहेबांनी बोलावलं आणि विचारलं, हे पकडलं कुणी, आपल्या नव्या सॉफ्टवेअरनं का? क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. ते घ्यायला मीच त्यांच्या मागे लागले होते.

"नहीं सर. मेरी माँ ने. देख रही थीं कि मैं दुबली तो नहीं हो गई."

साहेब चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले.

त्या आठवड्यातच फळा उतरवला. एकच पासवर्ड सगळ्यांनी वापरणं बंद झालं. दर महिन्याला तो बदलायचा नियम मी मागे घेतला आणि पासवर्ड सांभाळणारं एक ॲप सगळ्यांना दिलं. कँटीनमध्ये लोकांच्या स्वतःच्या फोनसाठी वेगळं वायफाय सुरू केलं. ऑफिसच्या सिस्टिमशी त्याचा काही संबंध नाही. आता मी शिरले तरी तिथे गप्पा चालू राहतात.

आईला सगळं सांगितलं तेव्हा तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. "पुढच्या वेळी जरा पुढे उभी राहा," ती म्हणाली, "त्या फोटोत तुझ्यापेक्षा फळाच नीट दिसत होता." मग मी जेवायला काय केलंय ते तिनं विचारलं, आणि खिचडी म्हटल्यावर तिच्यावर तूप घेतलंय का तेही.