चहातलं औषध

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. तयार शर्ट ट्यूबलाइटखाली उलटासुलटा करायचा आणि सुटलेला टाका, चुकलेलं काज, तेलाचा डाग हुडकायचा, हे तिचं काम. खोट काढण्याचाच पगार घेणाऱ्या बाईचा डोळा घरी आल्यावरही मिटत नाही. नवरा रंगारी. त्याच्या सदऱ्यावर आज कुठल्या घराचा रंग आहे, हे ती धुण्याआधी बघून ठेवायची.

ओटीपोटात दुखायला लागलं म्हणून ती दवाखान्यात गेली आणि तपासणीत क्लॅमिडिया निघाला. शरीरसंबंधातून होणारा, पुष्कळांना होणारा आणि औषधाने बरा होणारा आजार, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मग दोन पाकिटं पुढे सरकवली.

‘‘एक तुमचं, एक मिस्टरांचं. आठवडाभराचा कोर्स आहे, दोघांनीही पुरा करायचा. तोवर जवळ यायचं नाही. नाहीतर तुम्ही बऱ्या व्हाल आणि त्यांच्याकडून पुन्हा घेऊन याल. तीन महिन्यांनी परत तपासू.’’

तिने मान डोलावली, पण घरी अवाक्षर काढलं नाही. हे आलं कुठून, हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. कितीतरी दिवस नवरा एका एकट्या बाईचा बंगला रंगवत होता आणि तो काही रंगून होत नव्हता. चोर पकडायचा तर त्याला आधी सावध कशाला करा? तिने स्वतःच्या कॅप्सूल वेळच्या वेळी घेतल्या. त्याच्या उघडून पूड दोन्ही वेळच्या चहात ढवळली आणि कंबर धरलीय म्हणत भिंतीकडे तोंड करून झोपली.

‘‘चहा कडू लागतोय,’’ तो म्हणाला.

‘‘पावडर बदललीय.’’

‘‘मग जुनीच आणत जा.’’

तीन महिन्यांनी तपासणी झाली. आजार परत आला होता. तिच्या लेखी आता पुरावा हातात होता. तिने भावाला फोन करून सांगितलं, ‘‘मी राहायला येतेय, वहिनीला खोली आवरायला सांग.’’

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी मात्र वेगळंच विचारलं. ‘‘मिस्टरांनी औषध घेतलं?’’

‘‘दिलं मी.’’

‘‘घेतलं का, ते विचारतेय.’’

चहाचं सांगावंच लागलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. ‘‘त्यांना औषध सोसत नसतं तर? माणसाला न सांगता औषध द्यायचं नसतं. त्यांना घेऊन या.’’

‘‘पण बाहेरूनच आणलं असेल तर?’’

‘‘असेलही, नसेलही. हा आजार काही त्रास न देता महिनोन् महिने अंगात राहतो. कुणाकडून कुणाकडे गेला, हे तपासणीत दिसत नाही.’’

संध्याकाळी नवरा मोरीत ब्रश धूत बसला होता. तिने दारात उभं राहून सगळं सांगितलं, चहासकट. त्याने नळ बंद केला.

‘‘तो चहा मी एका घोटापुढे प्यायलोच नाही. तुझी पाठ वळली की मोरीत ओतायचो.’’

‘‘का?’’

‘‘वाटलं, दारू सोडवायचं औषध घालतेस.’’

‘‘तुम्ही पिताच कुठे?’’

‘‘तेच म्हणत होतो मनाशी. न पिणाऱ्यावर एवढा संशय, तर पिणाऱ्याचं काय होत असेल.’’

ती हसली नाही. ‘‘आणि बंगलेवाली?’’

‘‘ऐंशीची आहे म्हातारी. रंग पसंत पडत नाही तिला, तीच भिंत चौथ्यांदा रंगवतोय.’’

‘‘मोलकरीण असेल की.’’

‘‘आहे ना. मी रंगाचे डबे पळवीन म्हणून माझ्यावर पहाऱ्याला बसवलीय.’’ मग ब्रश झटकत तो थांबला. ‘‘पण हे तुझ्यात आधी सापडलं. मग मी कुणाला विचारू?’’

भावाला तिने नंतर कळवलं, खोली राहू दे.

दवाखान्यात तो तिच्याबरोबर गेला. या खेपेला दोघांनी कॅप्सूल समोरासमोर घेतल्या. ‘‘जीभ उचला,’’ ती म्हणायची. तो उचलायचा आणि म्हणायचा, ‘‘आता तुझी.’’ कोर्स संपेपर्यंत त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत पडत होतं.

पुढच्या तपासणीत दोघंही साफ निघाली. दवाखान्यातून घरी येऊन तिने चहा टाकला, जुन्याच पावडरीचा, आणि दोन कप आणून ठेवले. त्याने आपला कप तिच्यापुढे सरकवला आणि तिचा उचलला.

आधी त्याने घोट घेतला, मग तिने.