कितव्या पानावर उतरलात?

बातमीदाराच्या वहीत बातमीत न मावलेल्या ओळी उरतातच. माझ्या वहीत हल्ली त्या आमच्या धायरीच्या वाचनकट्ट्याच्याच असतात. चाळीस वर्षं मंत्री, नगरसेवक आणि वकील यांच्यामागे धावलो. इतकं निर्भीड बोलणं तिथं कधी कानावर पडलं नाही.

कट्टा चौघांचा. जागा सुमनताईंचा हॉल; त्या निवृत्त मुद्रितशोधक. दत्तोबा लोणी काळभोरचे, जन्मभर मार्केट यार्डात 'तोलणार', म्हणजे मालाचं वजन करणारे. पल्लवी अमरावतीची, आयटीत आहे. चौथा मी. पुस्तकाची एकच प्रत चौघांत फिरते. जिथं वाचवेनासं होईल तिथं आपलं नाव घातलेलं बसचं तिकीट ठेवायचं आणि पुस्तक पुढं द्यायचं. रविवारी पहिला प्रश्न ठरलेला : "कितव्या पानावर उतरलात?"

यंदा या फेऱ्यात माझ्या आठवणींचं हस्तलिखितही होतं. प्रकाशक छापायला तयार होता, मीच त्याला थांबवलं. हे तिघं शेवटापर्यंत पोचले तरच देतो, म्हणालो. "कोण आहेत हे तिघं?" त्यानं विचारलं. म्हटलं, वाचक. त्यानं तो शब्द पुन्हा विचारून घेतला. वाचकांची सवय गेली असावी त्याची.

*

एका तरुण कवीचा संग्रह आला होता. गुळगुळीत कागद, पानभर कोरी जागा आणि तळाशी दोन ओळी. मला तो बरा वाटला होता, तसं मी बोललोही.

सुमनताईंनी चष्मा पुसला. "पानावर अकरा शब्द आहेत. त्यांतले दोन चुकीचे."

पल्लवीला कवीची दया आली. कोऱ्या जागेत तो फार चांगला लिहितो, असं ती म्हणाली. ही थट्टा नव्हती. तिनं त्या जागेत पेन्सिलीनं स्वतःच्या चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्या कवीच्या ओळींहून चांगल्या होत्या. तिथं मी हरलो.

*

मग ती पारितोषिकवाली कादंबरी. तिचं परीक्षण मीच पेपरात लिहिलं होतं : 'श्रमिकांचा अस्सल आवाज'. दत्तोबा बाराव्या पानावर उतरले होते. मी खवळलो. पहाटे चारपासून राबलेल्या माणसाला ही कादंबरी कळू नये?

दत्तोबा शांतपणे म्हणाले, "ह्यात हमाल एकटाच पोतं उचलून डोक्यावर घेतो. आवो, भरलेलं पोतं एकट्याला घेता येत न्हाय. दुसरा उचलून देतो. आनि ह्या आख्ख्या पुस्तकात दुसरं मानूसच न्हाय."

चार मोठ्या समीक्षकांचं मी वाचलं होतं. त्या कादंबरीतला नायक सोडून कुणीच जिवंत नाही, हे एकालाही सुचलं नव्हतं. 

तेवढ्यात सुमनताईंनी पुस्तकातून आणखी एक तिकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. पान एकतीस. नाव माझं.

"परीक्षण मात्र शेवटापर्यंतचं आहे," त्या म्हणाल्या.

*

सुमनताई स्वतः कुठंच उतरत नाहीत. मुद्रितं अर्ध्यावर सोडायची नसतात, ही नोकरीतली सवय. एका बड्या निवृत्त अधिकाऱ्याचं जाडजूड आत्मचरित्र त्यांनी असंच संपवलं आणि चुकांची तीन पानी यादी त्यांना पोस्टानं पाठवली.

अधिकाऱ्यांचा फोन आला. यादी मिळाली, आभार मानले. पण आपल्याला आशय कसा वाटला?

"तिथवर शुद्धलेखनानं पोचू दिलं नाही," ताई म्हणाल्या आणि आमटी उतू जातेय म्हणून फोन ठेवला.

*

एका बाईंच्या आठवणींचं बारीकसं पुस्तक होतं. घरकाम करून मुलं वाढवलेल्या बाई, भाषा साधी. पल्लवीला विचारलं, कितव्या पानावर? तिनं पर्समधून दोन तिकिटं काढून टेबलावर ठेवली. पुस्तकात एकही नव्हतं.

"काका, हे जायचं. वाचता वाचता स्टॉप गेला, पार शेवटच्या थांब्यावर उतरवलं मला. हे परत यायचं."

इतकं चोख परीक्षण मला चाळीस वर्षांत लिहिता आलेलं नाही.

*

आणि माझा रविवार आला. हस्तलिखित टेबलावर होतं. विचारण्याआधीच मी कडेनं पाहिलं. तीन तिकिटं बाहेर डोकावत होती. तिन्ही एकाच पानावर, एकशे चौदा. सुमनताईंचंसुद्धा.

त्या पानावर माझी आई जाते.

माझा तोल गेला. दंगल वाचलीत, घोटाळे वाचलेत, मंत्र्याशी झालेलं भांडण वाचलंत, आणि माझी आई गेली तिथं कंटाळलात? उद्याच प्रकाशकाला देतो, म्हणालो. तुमच्यावाचून अडलेलं नाही.

पल्लवीनं ते पान काढून दत्तोबांपुढं सरकवलं. सुमनताई म्हणाल्या, त्या पानावर शुद्धलेखनाची एकही चूक नाही. त्यांच्या तोंडून हे कौतुक वाटलं नाही.

दत्तोबांनी पान हातात घेतलं आणि शेवटची ओळ सावकाश, एकेक शब्द तोलून वाचली : "त्यांच्या पश्चात दोन मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे."

मग पान माझ्याकडे फिरवून त्यांनी 'दोन मुलगे'वर बोट ठेवलं.

"ह्यातलं तुमी कंचं, सायेब?"