पलंगाखालचं पायडल

आज फरशी पुसताना मावशींनी शेवटच्या पलंगाखालून व्यायामाचं गंजलेलं पायडल ओढून काढलं, आणि तिरोड्याकडची ती बाई आठवली. तेव्हा गोंदियाच्या या डायलिसिस वॉर्डात मी नवी सिस्टर होते. मशीन चालू असतानाही पेशंटनं पाय हलवावेत, असं शिकून आले होते; मागे लागून ते पायडल मीच मागवलं होतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "रहने दे. घरी धानाच्या बांधीत राबते ते बाई, इथंच काय ती पडून राहते." मी ऐकलं नाही. सुया टोचलेला हात उशीवर तसाच ठेवून ती बाई पडल्या पडल्या पायडल मारायची, बांधीतला चिखल तुडवावा तशी. भेगाळलेल्या टाचांना लावलेल्या जवसाच्या तेलाचा वास स्पिरिटच्या वासात मिसळायचा. मला फार बरं वाटायचं. एका दुपारी दम खात तिनं विचारलं, "बाई, एवढं चालवून राहिली मी, आता माही मशीन कवा सुटन?" मशीन सुटत नाही, पण पायांत जोर राहतो, असं मी सांगितलं. "मंग कायले पायजे जोर? इथं येयासाठी?" तिचे पाय थांबले. मोठ्या सिस्टरांनी पायडल पलंगाखाली सरकवलं आणि तिच्या पायांवर चादर ओढली. पुढं कधी तिनं ते मागितलं नाही, आणि काही महिन्यांनी तिचा पलंग दुसऱ्याला मिळाला. "मावशी, फेकू नका, पेशंटला लावू आपण," आमची नवी सिस्टर आज उत्साहानं म्हणाली. "रहने दे," माझ्या तोंडून निघालं.