हार्थवेलमधून बाहेर पडताना

विस्कॉन्सिनातल्या कॉर्बिन रॅपिड्स गावात मर्ल टॉलेफसनला वाईट म्हणणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. चाळिशी ओलांडलेली, लग्न नाही, पिणं बेताचं. नदीकाठच्या कागद गिरणीत, ओला कागद वाळवणाऱ्या फिरत्या रुळांवर नोकरी, आणि घरी बाप. ऑर्विल टॉलेफसनचं उजवं अंग लुळं पडलं त्याच महिन्यात मर्लला मिनियापोलिसच्या एका नकाशे काढणाऱ्या कचेरीतून बोलावणं आलं होतं. त्यानं ते कुणाला सांगितलंही नाही. बापाची दाढी करायची, त्याला लापशी भरवायची, गिरणीत जायचं आणि जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन त्याची कूस बदलायची, यात वर्षं गेली.

शुक्रवारी लोक तळलेला मासा खायला क्लबात जमायचे. तिथे कुणी ना कुणी मर्लच्या खांद्यावर हात ठेवायचंच. ऑर्विलनं पुण्य केलं म्हणून असा मुलगा मिळाला, म्हणायचे. ॲरिझोनाला राहणारा थोरला भाऊ ग्लेन फोनवर तेच म्हणायचा, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे रे." मर्ल हं हं करायचा. फोन ठेवल्यावर मात्र थोडा वेळ तिथेच उभा राहायचा.

त्याला एकच नाद होता. शनिवारी दुपारी त्याच्या तळघरात चौघं टेबलाभोवती बसून गोष्टीचा खेळ खेळायचे. सूत्रधार मर्ल. राज्य, डोंगर, राक्षस, हवापाणी सगळं त्याचं. बाकी तिघांचं एकेक पात्र. आपलं पात्र काय करतं ते ज्यानं त्यानं सांगायचं आणि शंका आली की फासे टाकायचे. रविवार सोडून शनिवार धरला होता, कारण रविवारी फुटबॉल असताना विस्कॉन्सिनात प्रत्यक्ष राक्षस आला असता तरी कुणी खुर्चीवरून उठलं नसतं. आधी ते चर्चच्या तळघरात खेळत. मग फासे आणि शाप ही सैतानाची कामं आहेत असं टीव्हीवर कुणीतरी सांगितलं, दोन-चार बायकांनी पाद्रीबुवांचं डोकं खाल्लं आणि पाद्रीबुवांनी फार अवघडून जागा बदलायला सांगितली. तेव्हा खेळणाऱ्यांपैकी लाइल म्हणाला होता, "आपल्यात चर्चची पेटीवाली बाई आहे, तरी आपण सैतानाचे?"

ती पेटीवाली म्हणजे कोरीन झास्ट्रो. आठवडाभर शाळेची बस चालवायची, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. नवरा ट्रक घेऊन बर्फावरून घसरला आणि गेला, तेव्हापासून ती सासूला सांभाळत त्याच घरात राहिली होती. सख्खी मुलगीसुद्धा एवढं करत नाही, असं गाव म्हणायचं. सख्खी मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहत होती आणि तीही हेच म्हणायची. लाइल बुजिन्स्की गिरणीत मर्लच्याच पाळीला होता, धिप्पाड आणि तोंडाळ. तिसरा वेन्डल, औषधाच्या दुकानातला, इतका हळू बोलायचा की फाशांचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा यायचा.

इतकी वर्षं त्यांनी थडगी फोडली, खजिने लुटले. सत्त्याऐंशीच्या शरदात मर्लच्या मनात आलं की या वेळी तलवारीनं कापता येणार नाही असं काहीतरी उभं करावं. शाप. रुळांच्या घरघरीत कुणाशी बोलता येत नाही, त्यामुळे तिथे विचार मात्र भरपूर करता येतो. शाप कसा असावा हे तो तिथे उभ्या उभ्या घोळवू लागला. आकाशातून वीज पडावी तसा शाप पडला तर तो नुसता अपघात. शाप कुणाच्या तरी तोंडून निघाला पाहिजे, आणि ज्याच्या तोंडून निघाला त्याचं दुःख खरं पाहिजे. तो रोज थोडाथोडा टोचला पाहिजे. ज्याला लागला त्याचाही त्यात हात पाहिजे. आणि बाहेर पडायची वाट पाहिजेच, नाहीतर तो खेळ राहत नाही. ती वाट मात्र अशी हवी की दिसली तरी पाऊल उचलू नये.

एका संध्याकाळी ग्लेनचा फोन येऊन गेल्यावर, बापाला सूप भरवता भरवता, त्याला शाप सापडला. बापाच्या हनुवटीवर ओघळलेलं सूप पुसायचं त्याच्या ध्यानातून गेलं.

त्यातून हार्थवेल गाव उभं राहिलं. डोंगराच्या कुशीत, खाली नदी, नदीवर एकच पूल. या गावात पूर्वी एक वैदू बाई होती. म्हातारपणी तिला आपल्या बहिणीकडे जायचं होतं. ती निघाली की लोक पुलावर जमायचे, रडायचे, तिचे हात धरून तिचे आभार मानायचे आणि ती मागे फिरायची. असं करत करत ती त्या पुलावरच मेली. मरताना म्हणाली, "तुमचे आभार माझ्या पायात अडकले. यापुढे तुम्ही ज्याचे आभार मानाल तो इथून जायचा नाही."

हे खेळणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. बर्फात वाट चुकलेले तिघे हार्थवेलला पोचले तेव्हा लोकांनी त्यांना चुलीपाशी बसवलं. लाइलच्या सर ऑस्बर्टनं लांडगे मारले. वेन्डलच्या फिंच नावाच्या चोरानं विहिरीत पडलेलं पोर काढलं. कोरीनची ब्रायनी वैद्य होती, तिच्या दारात तर रांगच लागली. गावकऱ्यांनी आभार मानले की मर्ल काही न बोलता आईच्या जुन्या डब्यातलं एक बटण त्या खेळाडूपुढे ठेवायचा. सगळ्यांना वाटलं, बक्षीस आहे. लाइल आपला ढीग मोजून वेन्डलला चिडवायचा, "औषधवाले, तुमच्याकडे अजून सदऱ्याची बटणंसुद्धा पुरी नाहीत." कोरीनचा ढीग सगळ्यांत मोठा होता. ती बोटानं त्यातली निळी वेगळी काढत बसायची.

मग वाटेवरचं बर्फ वितळल्यावर पुढे जायचं ठरलं. पुलाच्या मधोमध पोचल्यावर मर्ल म्हणाला, "तुमचे पाय उचलत नाहीत." लाइलनं फासे टाकले, चांगले पडले, तरी पाय उचलेनात. मर्लनं हात लांब करून प्रत्येकाचा बटणांचा ढीग थोडा पुढे सरकवला. वेन्डलच्या लक्षात आधी आलं. "ही बक्षिसं नाहीत, बेड्या आहेत," तो हळूच म्हणाला.

पुढचे कितीतरी शनिवार ते हार्थवेलमध्ये अडकून राहिले. बाहेर खिडकीच्या उंचीइतकं बर्फ, तळघरात बॉयलरची धग. गावातल्या म्हाताऱ्यांकडून वैदू बाईची गोष्ट कळल्यावर त्यांनी तिचं थडगं शोधून प्रार्थना केल्या, मंत्र म्हटले, पुलाऐवजी नदी पोहून पाहिली. गावकऱ्यांनी त्यांना बुडता बुडता वाचवलं, आणि वाचवणाऱ्यांना पाहून लाइलच्या तोंडून थँक्यू निघाल्यावर सगळे हसले. वेन्डलनं डोकं लढवलं. आभार मानले म्हणून अडकलो, तर शिव्या खाल्ल्या की सुटू. फिंचनं एका म्हातारीचं हॅम चोरलं. म्हातारी म्हणाली, "भुकेला असेल बिचारा," आणि वर पावही आणून दिला.

लाइल वैतागला. "मर्ल, हे बघ, मी आठवडाभर तुझ्याबरोबर गिरणीत कोंडलेला असतो. शनिवारी परत तुझ्याच तळघरात कोंडून घ्यायला मी येत नाही."

"वाट आहे," मर्ल म्हणाला.

"कुठं?"

"सांगितली तर वाट कसली?"

कोरीन त्याच्याकडे बघत राहिली, आणि मर्ल उठून वर गेला, बापाला काही हवं आहे का बघायला. बापाला काही नको होतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मर्लनं नेहमीसारखं सांगितलं, की ब्रायनीच्या दारावर थाप पडते. एक बाई आहे, कडेवर तापानं फणफणलेली मुलगी. औषध मागते आहे.

"ब्रायनी नाही म्हणते," कोरीन म्हणाली.

"औषध नाही म्हणते?"

"औषध आहे. पण नाही म्हणते. आणि दार लावते."

मर्लनं विचारलं, नक्की? तिनं मान हलवली. सूत्रधाराला इथे खोटं सांगता येत नाही, पुढे काय झालं ते त्यानं सांगायलाच हवं. ती बाई दार ठोठावत राहिली, रडली, मग मुलीला घेऊन रात्रीच्या थंडीत खालच्या गावाकडे निघाली, आणि जाताना ब्रायनीच्या उंबऱ्यावर थुंकली. हे सांगून मर्लनं कोरीनपुढचं एक बटण उचललं आणि डब्यात टाकलं.

"मुलगी जगली का?" वेन्डलनं विचारलं.

"ते ब्रायनीला कळणार नाही," मर्ल म्हणाला.

लाइलचा चेहरा लाल झाला. "तापानं फणफणलेलं पोर, कोरीन? अगं, खेळ असला म्हणून काय झालं?"

"तुला वाट हवी होती ना?"

"अशी नको होती."

ती थांबली नाही. पाय मोडलेला लाकूडतोड्या आला, बाळंतीण आली, ज्यानं पहिल्या रात्री चुलीपाशी जागा दिली होती तो म्हातारा आला. प्रत्येक वेळी मर्ल आवाज बदलून विनवण्या करायचा. खरं म्हणजे त्याला वाटत होतं की ती एखाद्या वेळी हो म्हणेल. ती शांतपणे नाही म्हणत राहिली, चर्चमध्ये एकेक सूर लावावा तशी. ढीग संपला तेव्हा ब्रायनी एकटी पूल ओलांडून गेली. निरोप द्यायला कुणी आलं नाही. मर्लला पुलापलीकडचं वर्णन करायचं होतं, पण त्यानं ते तयारच केलं नव्हतं. तो म्हणाला, रस्ता आहे. कोरीन म्हणाली, तेवढं पुरे.

लाइल आणि वेन्डल यांना तिनं विचारलं, येता का? लाइल म्हणाला, सर ऑस्बर्ट असलं करणार नाही. वेन्डलनं आपल्यापुढची बटणं मुठीत घेतली, पुन्हा खाली ठेवली आणि राहतो म्हणाला. खेळ तिथेच संपला.

मार्चमध्ये गावाला कळलं की कोरीन झास्ट्रो मोठ्या सरोवराकाठच्या डुलुथ शहरात चालली आहे. तिथे बंदरात, धान्याच्या जहाजांच्या कचेरीत तिला नोकरी लागली होती. सासूला तिनं दोन गल्ल्या पलीकडे, तिच्या मुलीकडे नेऊन सोडलं, कपडे आणि औषधं लावून दिली. आठवडाभरात गावाचं तोंड फिरलं. ज्या बायका तिचं कौतुक करत थकत नसत त्याच आता म्हणू लागल्या, तिच्या मनात हे आधीपासूनच होतं. क्लबात लाइलसुद्धा म्हणाला, त्या दिवशी खेळातच कळलं होतं ही कशी आहे. मर्ल समोरचा मासा खात राहिला. आपण बोलायला हवं होतं, हे त्याला गाडीत बसल्यावर वाटलं.

निघायच्या दिवशी ती त्याच्या दारात आली. मर्ल फावड्यानं बर्फ ओढत होता. तिनं गाडी चालूच ठेवली होती.

"तू वाट ठेवली होतीस," ती म्हणाली. "म्हणजे तुला ती ठाऊक आहे."

"ती खेळणाऱ्यांसाठी होती."

"मग तूही खेळ की. तालुक्याचा वृद्धाश्रम काही वाईट नाही. मी बघून आलेय."

"डॅडसाठी बघून आलीस?"

"सासूबाईंसाठी. मग म्हटलं, मुलगी आहे तर मुलीकडे. पण खोल्या चांगल्या आहेत. खिडक्या दक्षिणेला आहेत."

मर्ल फावड्यावर हात ठेवून उभा राहिला. थँक्यू म्हणणं त्या घटकेला त्याच्या जिवावर आलं. "रस्त्यात बर्फ असेल, सांभाळून जा," एवढंच तो म्हणाला. ती हसली आणि गेली.

एप्रिलमध्ये तो वृद्धाश्रमापर्यंत गेला. गाडीतून उतरला नाही. खिडक्या खरंच दक्षिणेला होत्या.

ऑगस्टमध्ये कोरीनचा फोन आला. डुलुथला तिला खेळणारी चार माणसं मिळाली होती, सूत्रधार मिळत नव्हता. शनिवार-रविवार ये म्हणाली. मर्लनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि कसा कोण जाणे हो म्हणाला. शेजारच्या मिसेस क्रांझ ऑर्विलजवळ थांबायला लगेच तयार झाल्या. मर्लनं त्यांना लापशी किती पातळ करायची, उशी कुठल्या बाजूला, रेडिओवर काय लावायचं, सगळं दोनदा सांगितलं.

डुलुथच्या टेकडीवरून सरोवर समुद्रासारखं दिसत होतं. खालून जहाज जावं म्हणून पूल आपोआप वर उचलला गेला, आणि मर्ल लहान मुलासारखा बघत राहिला. कोरीनच्या लहानशा घरात खेळ चांगला रंगला. तिथली माणसं तिला नुसतंच कोरीन म्हणत. तिची सासू, तिची बस, तिचा ऑर्गन यातलं कुणाला काही माहीत नव्हतं. रविवारी सकाळी ती त्याला म्हणाली, इथे नकाशे काढणारी सरकारी कचेरी आहे, माणसं घेतात. तो म्हणाला, बघू.

परतताना सबंध रस्ताभर त्याच्या डोळ्यांसमोर बाप होता, पलंगावरून पडलेला, घशात घास अडकलेला. घरी पोचला तो दार न लावताच आत धावला. ऑर्विल खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. मिसेस क्रांझ पत्ते लावत होत्या.

"त्रास दिला का त्यांनी?" मर्लनं विचारलं.

"छे रे. शहाण्यासारखे राहिले. पोटभर जेवले."

"माझ्याबद्दल विचारत होते?"

मिसेस क्रांझनी आठवून पाहिलं. त्या प्रामाणिक बाई होत्या. "नाही बाबा. एकदाही नाही."

तो बापासमोर जाऊन बसला. ऑर्विलनं त्याच्याकडे पाहिलं, ओळखीचं किंचित हसला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागला. मर्लला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं तो ज्या दाराला पाठ लावून उभा होता ते दार बाहेरून कुणी ढकलतच नव्हतं. त्याला राग आला, आणि राग कुणाचा धरायचा तेही कळेना.

कोरीननं पुढे दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यानं डॅडची तब्येत सांगितली. ऑर्विल आणखी सहा वर्षं जगला. त्याच्या दफनाच्या दिवशी अख्खं गाव लोटलं, ग्लेन ॲरिझोनाहून आला आणि मर्लला मिठी मारून रडला. लोक एकेक करून पुढे येत होते, मर्लचा हात दोन्ही हातांत धरून, बापाला सांभाळल्याबद्दल त्याचे आभार मानत होते. रांग चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेली होती. मर्ल जागचा हलला नाही. सोमवारी त्याची सकाळची पाळी होती.