रिंग काढलेलं रीळ

माणसाच्या बोटांवर इतका अविश्वास असलेला गृहस्थ अख्ख्या मुलुंडात दुसरा नसेल, हे आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांबद्दल मी शपथेवर सांगतो. त्यांच्याकडे नुसतं बसायला गेलात तरी आधी हात धुवायचे. विक्रोळीच्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात त्यांचा जन्म गेला. तिथे कपाटाएवढ्या मशीनवर ताटाएवढी टेपची रिळं फिरायची. मशीन भंगारात गेलं तेव्हा नकोशी झालेली रिळं काकांनी रिक्षात घालून घरी आणली, आणि तेव्हापासून आमची सोसायटी त्या तपकिरी फितीवर चालते. कबुतरं हाकलायला फीत, कारल्याचा वेल चढवायला फीत, रद्दी बांधायला फीत. एकदा मी रीळ कडेला धरून उचललं तर केवढे ओरडले! "मधल्या भोकाला धर रे, कडेला नाही. वाट लावशील टेपची!" त्या टेपने कबुतरंच हाकलायची होती, पण नियम तो नियम.

फितीचं पुढचं टोक झिजलं की हातभर कापायचं, नवी चंदेरी पट्टी चिकटवायची आणि रीळ पुन्हा कामाला लावायचं, ही त्यांच्या खात्यातली रीत. ती त्यांनी घरातल्या पडद्यांना आणि कमरेच्या पट्ट्यांनाही लावली. काकूंच्या तेराव्याला मलाच समजावत होते, "पुढचं खराब झालं म्हणून सगळं रीळ टाकत नाहीत रे." त्यानंतर मात्र बेल वाजवली की दार फारच लवकर उघडायचं. पुढे कळलं, ते खुर्ची दाराशीच टाकून बसतात.

एका रिळाला मात्र त्यांनी कधी कात्री लावली नाही. रिळाच्या पाठीला प्लॅस्टिकची रिंग असेल तरच मशीन त्यावर लिहायचं. रिंग काढली की आहे ते कायम. काकू त्याच विभागात दिवसपाळीला टायपिंग करायच्या, काका रात्रपाळीला. काकांनी लग्नाचं विचारलं, तर या बाईंनी उत्तर एका टेपच्या शेवटी टाइप करून ठेवलं. काकांनी ते वाचलं, लगेच रिंग काढली आणि टेप गुपचूप घरी आणली. कारखाना ती टेप पंधरा दिवस शोधत होता.

"काय लिहिलं होतं हो?" मी विचारायचो.

"चार ओळी होत्या. तुला कशाला सांगू?"

मागच्या महिन्यात ते स्वतःच खाली आले. "तिसरी ओळ हल्ली आठवत नाही रे. कुणाकडे तसलं मशीन मिळेल का, बघ ना." माझ्या ओळखीत एकाकडे निघालं. त्या दुपारी काकांनी हात धुतले, मला धुवायला लावले आणि इतक्या वर्षांनी त्या रिळाचा डबा उघडला. फितीचे थर एकमेकांना चिकटले होते. त्यांनी टोक हलकेच ओढलं, तर तपकिरी लेप सुटून बोटांवर आला. लिहिलेलं सगळं त्या लेपातच असतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मुंबईच्या दमट हवेला रिंगचा नियम कुणी सांगितला नव्हता.

मला फार वाईट वाटलं. काहीतरी करायचं म्हणून मी बेसिनचा नळ सोडला. "या काका, हात धुवा."

ते बोटांकडे बघत बसले होते.

"बंद कर तो नळ," ते म्हणाले. "आत्ता नको रे धुवायला."