विनोदी विभागात टाकलेली गोष्ट

माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा मी विसरलो आणि काही विसरल्यासारखं दाखवलं. पण एक चूक काही केल्या पचत नाही. मी एक गोष्ट भलत्या विभागात छापली. ती माझ्या मोठ्या बहिणीची होती, तिनं आयुष्यात लिहिलेली एकुलती एक.

शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही चारपाच रिकाम्या माणसांनी अमरावतीत, राजापेठेत एक कथामंडळ काढलं. खाली शिकवणीचे वर्ग होते. तिथे पोरं रसायनशास्त्र घोकायची आणि वरच्या खोलीत आम्ही एकमेकांच्या कथा ऐकून माना डोलवायचो. मंडळाचा दिवाळी अंक निघायचा. मराठीचा मास्तर म्हणून संपादकपद माझ्या गळ्यात पडलं आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. मास्तरकी माझ्या अंगात इतकी मुरलेली, की कपाटातले कपडेसुद्धा मला वर्गवारीनं लागतात. मागच्या वर्षी मी फतवा काढला, की अंकात प्रत्येक प्रकारच्या कथेला वेगळा विभाग राहील. विनोदी, भुताची, खुनाची, प्रेमाची, विज्ञानाची आणि सगळ्यात शेवटी ‘जग संपल्यावर’. हा शेवटचा विभाग माझी खास कल्पना. “जग संपल्यावर वाचणार कोण?” असं एकानं विचारलं, तर त्याच्यावर मी दोन दिवस रुसलो होतो.

ताई अकोल्याला राहते. फोनवर मी तिला सगळे विभाग मोठ्या कौतुकानं वाचून दाखवले. ती म्हणाली, “मले बी लिहू दे एक.” मी हसलो. ताई आमच्या घरातली हसवणारी बाई. लग्नात विहिणींच्या नकला कराव्यात तर तिनंच. भाऊजी गेले तेव्हा तेराव्याला आलेल्या बायकांनाही तिनं हसवून सोडलं होतं. बाई खंबीर आहे, असं म्हणून आम्ही सगळे आपापल्या गावी परतलो. या फोनच्या वेळी त्याला दीड वर्ष झालं होतं.

पंधरा दिवसांनी गोष्ट आली. डाकेवर तिचा विश्वास नाही, म्हणून एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवलेली. वहीची बारा पानं होती, पाठपोट लिहिलेली. वर ना नाव, ना विभाग.

गोष्ट अशी होती. एक बाई सकाळी उठते, तर अख्ख्या अकोल्यात कोणीच उरलेलं नाही. दूध आलेलं नसतं. बाई म्हणते, “या दूधवाल्याले सुट्टी माराले जग संपाचंच निमित्त पाह्यजे होतं.” मग ती रेशनच्या दुकानी जाते. तिथेही कोणी नाही, तरी ती रांगेत उभी राहते आणि पुढच्या माणसापुरती जागा सोडून उभी राहते. घरी येऊन कूलरमध्ये पाणी भरते, कारण जग संपलं तरी अकोल्याचं ऊन संपत नाही. मग दोन कप चहा करते. एक पिते. दुसरा तसाच राहतो आणि पार थंड झाल्यावर तोही पिते, तोंड वाकडं करत, कोणाला तरी शिव्या देत.

मी खो खो हसलो. बायकोला हाक मारून रांगेचा भाग वाचून दाखवला. सगळी गोष्ट ताईच्या बोलीत होती, आमच्या घरातल्या बोलीत. आणि चाळीस वर्षं मास्तरकी करून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली, की वऱ्हाडी कानावर पडलं की आता हसायचं. वर्गात पोरांना, गॅदरिंगला पाहुण्यांना, सगळ्यांना मी तेच शिकवलं. विनोदी विभागाला एक कथा कमी पडत होती, ती आयती मिळाली.

शेवटी एक छोटा परिच्छेद होता. दुपारी आडवं होण्याआधी ती बाई दाराच्या फटीत पेपरची घडी अडकवते, लॅच लागून जाऊ नये म्हणून. गेलेला माणूस चावी कधीच सोबत नेत नसे, असं तिथे लिहिलं होतं. विनोदाची धार जाते म्हणून मी त्यावर लाल पेनानं काट मारली आणि समासात लिहिलं, ‘अनावश्यक. हा माणूस मध्येच कोण?’

कोण ते मला माहीत होतं. भाऊजी चावी विसरायचे. एकदा त्यांच्याबरोबर मीसुद्धा अकोल्याच्या उन्हात त्या दारापुढे तासभर उभा राहिलोय, ताई बाजारातून येईपर्यंत. पण हातात लाल पेन होता ना! तो हातात असला की मला माणसं दिसत नाहीत, चुका दिसतात.

आमच्या चित्रकारानं गोष्टीवर झकास चित्र काढलं. लठ्ठ बाई, खोचलेला पदर, कूलरला मिठी. आणि ‘जग संपल्यावर’ या विभागासाठी कोणाचंच काही आलं नाही, म्हणून मी माझी कथा टाकली. बुडालेली मुंबई, तोंडावर मुखवटे घातलेली माणसं, बंदुका. मुंबईत मी सगळे मिळून आठ दिवस राहिलो असेन. माझ्या कथेत शेवटचा माणूस मरताना इतकं शुद्ध मराठी बोलतो, की मला तेव्हा स्वतःचाच अभिमान वाटला होता.

प्रकाशनाला ताई आली. प्रत्येक लेखकानं आपलं एक पान वाचायचं, असा आमचा रिवाज. ताई अंक हातात घेऊन उभी राहिली. चित्र तिनं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं असणार. पहिलं वाक्य वाचलं आणि हॉल हसला. ती थांबली. चष्म्यावरून लोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खूश होऊन मान हलवली. मग तिनं डोक्यावर पदर ओढला आणि दूधवाल्याची अशी काही नक्कल केली, की लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यात जास्त टाळ्या तिला मिळाल्या. परतीच्या गाडीत बसवून देताना मी तिला म्हटलंसुद्धा, “ताई, मैदान मारलं तू!” ती म्हणाली, “हाव.”

यंदाच्या अंकासाठी मी मे महिन्यात मुद्दाम अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरच्या पुढे उन्हानं डोकं उठलं, पण ताईकडून कथा आणायचीच म्हणून निघालो होतो. पाणी पिऊन झाल्यावर म्हटलं, “ताई, यंदा बी एक इनोदी पाह्यजे. लोक अजून इचारतात.”

ती भाजी निवडत होती. “मी इनोदी कधी लिहिली?”

“मागच्या वर्षी दिली ते?”

“ते इनोदी नव्हती. तू फोनवर सांगतलं ना, जग संपल्यावरचा एक भाग हाये म्हून. बाकीच्यातलं मले काई समजत नाई. हे मले माईत होतं, म्हून लिहिलं.”

मला सुचलं तेही मास्तराचंच. “मंग वर विभाग लिहाचा ना, ताई.”

“तू वाचनार होता. तुले काय लिहून सांगू?”

“त्या दिवशी बोलली काहून नाई?”

“लोक हसून राह्यले होते,” ती म्हणाली. “मंग मी बी हसवलं. तेवढं येते मले.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला माफी मागायला जागा मिळाली असती. मी म्हटलं, या अंकात पूर्ण छापतो, योग्य जागी, शेवटच्या परिच्छेदासकट. तेवढा परत लिहून दे. मूळ कागद छापखान्यातून परत आणायचं मला सुचलंही नव्हतं, ते तिला सांगावं लागलं.

“आता नाई लिहता येत,” ती म्हणाली. “तवा आलं होतं.” आणि भाजीचं ताट उचलून ती आत गेली.

मी तो परिच्छेद आठवून पाहिला. अर्थ आठवतो, तिची वाक्यं आठवत नाहीत. समासातलं माझं वाक्य मात्र शब्दन्‌शब्द आठवतं.

चारच्या गाडीनं निघालो. चपला घालून दार ओढून घ्यायला हात घातला, तर आतून ताईचा आवाज आला.

“दार ओढू नको. पेपर पडला असंन खाली, तेवढा लावून जाय.”

पायाशी पेपरची घडी पडली होती. ती उचलून मी फटीत नीट बसवली आणि दार नुसतं लोटून घेतलं.