साहेबांचं अस्वल आणि सावेताचं वाडगं

आमच्या डोंगरातली अस्वलं साहेबांची होती. देशाचे सर्वेसर्वा असलेले साहेब राजधानी बुखारेस्टहून हेलिकॉप्टरने यायचे, मचाणावर बसायचे आणि खाली मका खायला आलेलं अस्वल मारून परत जायचे. याला शिकार म्हणायचं! त्या अस्वलाला वर्षभर मका आणि घोड्याचं मांस अगदी वेळेवर मिळायचं, आम्ही मात्र पावासाठी रांगेत. त्याच्यावर कुणी काठी उगारली तरी तुरुंग.

माझी शेजारीण सावेता विधवा. अंगाने ठेंगणी, पण स्वतःच्या लग्नात पाद्रीबुवांनी घाई केली म्हणून त्यांना सगळी प्रार्थना पुन्हा म्हणायला लावणारी. तिच्याजवळ मेंढ्यांशिवाय काही नव्हतं. त्या उन्हाळ्यात सगळ्यात मोठ्या अस्वलाने निम्म्या मेंढ्या नेल्या. उरलेल्याही गेल्या असत्या, तर तिला शहरात लेकीच्या खोलीत कोपरा धरून बसावं लागलं असतं. त्यापेक्षा मरण बरं, असं ती उघड म्हणायची.

ती वनाधिकारी इलिएशकडे गेली. मीही बरोबर होतो.

"मला वासे दे. मेंढ्यांना कोंडायला उंच कुंपणाचं वाडगं बांधते."

"लाकूड राज्याचं आहे, मावशी."

"आणि मेंढ्या?"

"त्या तुमच्या. तुम्हीच सांभाळा."

माझं डोकं असं फिरलं की त्याची टोपी उचलून चुलीत घालावी. सावेता मात्र 'बरं' म्हणून घराकडे वळली. ती 'बरं' म्हणाली की समजावं, कुणाचं तरी काही खरं नाही.

शरदात आमच्याकडे घरोघरी आलुबुखाराची दारू गाळतात. सावेता प्रत्येकाकडे जाऊन उरलेला चोथा मागू लागली. बादल्या भरून रोज डोंगरापलीकडच्या घळीत नेऊ लागली.

"डुक्कर पाळलंस की काय?" मी विचारलं.

"एकच. पण मोठ्या घरचं आहे."

अस्वलाला त्या आंबूस गोडाची अशी चटक लागली, की त्याने मचाणाखालच्या मक्याकडे पाठ फिरवली. मेंढ्यांकडेही बघेना. आणि त्याच्याच शिकारीला रविवारी साहेब येणार होते.

गुरुवारी इलिएश घामाघूम होऊन सावेताच्या दारात आला. घळीत चोथा खाणारं अस्वल पाहून थेट तिथेच आला होता.

"आत टाकीन तुम्हाला! साहेबांचं अस्वल पळवलंत!"

"पळवलं? जेवू घातलं. तुझंच काम फुकटात केलं. कळव ना वर. आधी तुलाच विचारतील, अस्वल हातचं गेलंच कसं?"

इलिएश मटकन पायरीवर बसला. "चोथा द्या, मी नेऊन घालतो."

"घाल की. तुझ्या बुटांचा वास आला की ते पळतं. माझी बादली वाजली की येतं."

"बरं, शिकार होऊ दे. मग देतो लाकूड."

"आधी वाडगं."

"मावशी, दोनच दिवस राहिलेत!"

"मग बसलायस कशाला?"

त्या काळी याहून साध्या बोलण्यासाठी माणसं नाहीशी झाली होती. पण तिने आवाज हलू दिला नाही.

शनिवारी दुपारपर्यंत जंगलखात्याच्या माणसांनी फरचे जाड वासे रोवून पुरुषभर उंचीचं वाडगं उभं केलं. प्रत्येक वासा तिने हलवून पाहिला, दोन पुन्हा रोवायला लावले. मगच बादली उचलली आणि वाजवत मचाणाच्या वाटेने चोथा सांडत गेली.

रविवारी बंदुकीचा आवाज आला. सावेताने छातीवर क्रूसाची खूण केली. "त्या मुक्या जिवाचं माझ्याशी काही वैर नव्हतं," म्हणाली आणि डोळे पुसले.

सोमवारी इलिएश ट्रक घेऊन हजर! साहेब खूश होऊन गेले होते, तसा इलिएशचा रंगच बदलला होता.

"लाकडाची कागदावर नोंद नाही. वासे काढावे लागतील."

सावेता वाडग्याच्या दारात आडवी उभी राहिली. मी जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो. मग चोथा देणारी सगळीच घरं आली, बायका हाताची घडी घालून, पुरुष एरवी अधिकाऱ्यापुढे काढायच्या टोप्या डोक्यावरच ठेवून.

"काढ," सावेता म्हणाली. "पण पुढच्या वर्षी साहेब आल्यावर त्यांचं अस्वल कुठे जेवतंय, हे गावात कुणाला विचारू नकोस."

इलिएशने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. मग ट्रक वळवला.